फतवा, काझी आणि वाट पाहणारी पत्नी

कोल्हापूर जिल्ह्यातील एका शिक्षिकेने पुढील प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या सहकारी बाईंच्या मुलीचा नवरा तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी आखातात गेला. पहिले काही महिने त्याने पैसे पाठवले, नंतर पैसे थांबले आणि फोनही थांबला. तो तिथेच नोकरी करतो हे नातेवाइकांना ठाऊक आहे. मुलीने वेगळे होण्याचा विचार बोलून दाखवताच दिराने एका मुफ्तींकडून आणलेला फतवा तिच्या वडिलांपुढे ठेवला. नवऱ्याने तलाक दिलेला नाही, म्हणून निकाह कायम आहे, असे त्यात लिहिले आहे. शिक्षिका विचारतात : ‘इस्लाममध्ये पुरोहित नाहीत असे आम्ही वर्गात शिकवतो, मग या कागदाला एवढे वजन कशामुळे? तो पाळणे बंधनकारक आहे का? आणि मौलवी, मुफ्ती, काझी हे लोक मुस्लिम समाजात नेमके काय काम करतात?’

मी गेली अठ्ठावीस वर्षे कौटुंबिक दाव्यांची वकिली करतो आणि स्वतः कोकणी मुस्लिम घरात वाढलो आहे, त्यामुळे असे कागद मी घरातही पाहिले आहेत आणि न्यायालयातही. त्या मुलीसाठी सर्वांत महत्त्वाचे ते आधी सांगतो. दिराने आणलेला फतवा बहुधा चुकीचा नाही. तो फक्त दिराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘तलाक दिला नाही तर निकाह कायम राहतो का?’ या प्रश्नाला कोणताही मुफ्ती ‘राहतो’ असेच उत्तर देईल. ‘नवरा दोन वर्षांहून अधिक काळ खर्च देत नाही, तर पत्नीने काय करावे?’ हा प्रश्न त्या कागदावर कोणी लिहिलेलाच नाही. उलमांचे, म्हणजे धर्मविद्वानांचे, समाजातील स्थान समजून घ्यायचे असेल तर या फरकापासून सुरुवात करावी लागते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पुरोहित नाहीत ही गोष्ट खरी आहे. नमाजासाठी, निकाहासाठी किंवा दफनविधीसाठी कोणा दीक्षित व्यक्तीची गरज नसते. विधी ज्याला येतो असा कोणीही तो पार पाडू शकतो. आलिम या शब्दाचा अर्थच ‘जाणणारा’ असा आहे आणि उलमा हे त्याचे अनेकवचन. त्यांची सत्ता ज्ञानाची मानली जाते, संस्काराची नव्हे, आणि ज्ञान कोणाकडे आहे हे शेवटी विचारणारा ठरवतो. मात्र आपल्याकडे हे सर्व शब्द एकमेकांत मिसळून वापरले जातात, त्यामुळे घोटाळा होतो. हाफिज म्हणजे ज्याला कुराण मुखोद्गत आहे तो. त्याला कायद्याचे ज्ञान असेलच असे नाही. पेशइमाम जमातीची नमाज पढवतो. आलिम होण्यासाठी देवबंदी (उत्तर प्रदेशातील देवबंदच्या मदरशाच्या) धर्तीच्या मदरशांमध्ये साधारण आठ वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तो अभ्यासक्रम दर्स-ए-निजामी या नावाने ओळखला जातो आणि अठराव्या शतकात लखनऊच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन यांच्यापासून चालत आला आहे. आलिम झाल्यानंतर फतवा देण्याचे वेगळे शिक्षण घेतलेला तो मुफ्ती. आणि दोन्ही बाजू ऐकून, साक्षीपुरावा तपासून निर्णय देणारा तो काझी. महाराष्ट्रातील खेड्यांत याशिवाय मुलाणी आणि वतनदार काझी यांची घराणी आहेत. मुलाणी गावगाड्यातला हक्कदार होता आणि जनावर हलाल करण्याचे काम त्याच्याकडे असे. वतनदार काझीचे पद वारशाने येत असल्याने त्या घरातला प्रत्येक जण विद्वान असेलच असे नव्हते. आज ‘काझी’ आडनावाचे माझे कितीतरी मित्र बँकेत आणि शाळेत नोकरी करतात. म्हणून फतव्यावर सही कोणाची आहे याच्या आधी ती सही करणाऱ्याने कोणते शिक्षण घेतले आहे हे विचारावे. तसे विचारण्यात कोणताही अनादर नाही, जुन्या परंपरेत हा प्रश्न उघडपणे विचारला जात असे.

मुफ्ती आणि काझी यांतला फरक या प्रकरणाच्या मुळाशी आहे. मुफ्ती विचारणाऱ्याने सांगितलेली हकिकत खरी मानून उत्तर देतो. तो समोरच्या पक्षाला बोलावत नाही, साक्षीदार तपासत नाही आणि त्याने तसे करणे अपेक्षितही नाही. फतव्याचा प्रश्न लिहिण्याची आपल्या उपखंडात एक ठरलेली पद्धत आहे. ‘क्या फरमाते हैं उलमा-ए-दीन इस मसअले में कि जैद ने अपनी बीवी हिंदा को…’ अशी त्याची सुरुवात होते. जैद, उमर, बकर आणि हिंदा ही खरी माणसे नसतात. शाळेतल्या गणितात जसे राम आणि श्याम आंबे वाटून घेतात तशी ती नावे प्रश्नापुरती उभी केलेली असतात. उत्तराच्या शेवटी मुफ्ती ‘वल्लाहु आलम’, म्हणजे ‘अल्लाहच अधिक जाणतो’, असे लिहून सही करतो आणि दुसरा विद्वान सहमत असेल तर खाली ‘अल-जवाब सहीह’ अशी नोंद करतो. ही सगळी रचना नम्रतेची आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा जैद आणि हिंदा यांच्याबद्दलचे उत्तर एका हाडामांसाच्या स्त्रीवर निकाल म्हणून लादले जाते.

माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांतील एक प्रकरण मी विसरू शकलेलो नाही. पोटगीच्या दाव्यात नवऱ्याच्या बाजूने एक फतवा दाखल झाला. ‘जैदची पत्नी हिंदा त्याच्या परवानगीवाचून घर सोडून गेली आहे, तर तिचा खर्च जैदवर वाजिब (बंधनकारक) आहे का?’ असा प्रश्न होता आणि उत्तर अर्थातच ‘नाही’ असे होते. वस्तुस्थिती अशी होती की त्या बाईला दोन लहान मुलांसह रात्री घराबाहेर काढले होते. तिचा भाऊ ती पूर्ण हकिकत लिहून त्याच संस्थेत गेला आणि महिन्याभरात त्याच संस्थेतून, पत्नीचा व मुलांचा खर्च पूर्णपणे नवऱ्यावर आहे, असा दुसरा फतवा घेऊन आला. दोन्ही कागदांवरचा शिक्का एकच होता आणि दोन्ही उत्तरे आपापल्या प्रश्नापुरती बरोबर होती. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूला ठेवून साक्षीपुराव्यावर निकाल दिला, तो योग्यच होता. परंतु पहिला कागद हाती पडल्यापासून दुसरा येईपर्यंतच्या काळात त्या बाईच्या मोहल्ल्यात तिला ‘नाफरमान’, म्हणजे आज्ञा न पाळणारी, म्हणून वागवले गेले आणि तो काळ तिला कोणी परत दिला नाही.

पूर्वी हे दोन अधिकार शेजारी शेजारी होते. मुफ्ती कायदा सांगे आणि काझी हकिकत तपासून त्या कायद्याने निवाडा करी. काझीचे पद राज्यसत्तेकडून येत असल्याने सच्चा विद्वान त्यापासून दूर राहण्याचा प्रयत्न करी. ज्यांच्या नावाने हनफी मस्लक, म्हणजे शरियतचा अर्थ लावणारी एक परंपरा, चालतो ते इमाम अबू हनीफा यांनी अब्बासी खलिफा मन्सूरने देऊ केलेले काझीपद नाकारले आणि इ.स. ७६७ मध्ये बगदादला त्यांचा अंत कैदेत झाला असे परंपरा सांगते. त्यांचेच शिष्य अबू युसुफ पुढे हारून अल-रशीदचे मुख्य काझी झाले. गुरूने पद नाकारले, शिष्याने स्वीकारले आणि हनफी कायदा साम्राज्यभर पसरला तो शिष्याच्या पदामुळे. ही ओढाताण पुढे कधीच मिटली नाही. दख्खनने ती फार जवळून पाहिली. विजापूर आणि गोवळकोंडा या मुस्लिम राज्यांवर चढाई करणे शरियतला धरून आहे का, असे औरंगजेबाने आपल्या मुख्य काझीला, शेख-उल-इस्लाम यांना, विचारले तेव्हा त्यांनी बादशहाला हवे ते उत्तर दिले नाही आणि १६८० च्या दशकात ते पदावरून दूर झाले. याउलट १७०० च्या साताऱ्याच्या वेढ्याबद्दल औरंगजेबाच्या आठवणींच्या एका फार्सी संग्रहात पुढील हकिकत येते. किल्ल्यातून पकडलेल्या हिंदू आणि मुसलमान कैद्यांबाबत काझी महंमद अक्रम यांनी तुलनेने सौम्य निवाडा दिला. बादशहाने तो परत पाठवला. मस्लक काही एकच नाहीत, चार आहेत, तेव्हा राज्याचा धाक राहील असा दुसरा तोडगा काढा, असे त्याने सुचवले. काझींनी नवा निवाडा काढला आणि कैद्यांची डोकी उडवली गेली. हकिकतीतला प्रत्येक शब्द खरा मानायची गरज नाही, पण काझी आणि सिंहासन यांचे नाते त्या काळच्या माणसांना कसे दिसत होते ते यातून कळते. चार मस्लकांतून निवड करण्याची मुभा हे दयेचे साधन होऊ शकते आणि तेच क्रौर्याचेही होऊ शकते, हे मी पुढे ज्या घटनेकडे येणार आहे तिच्या संदर्भात लक्षात ठेवावे.

इंग्रजांनी ही व्यवस्था दोन टप्प्यांत मोडली. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेनुसार विवाह, वारसा यांसारख्या बाबतीत मुसलमानांना कुराणाचा कायदा लावायचे ठरले आणि तो सांगण्यासाठी कंपनीच्या न्यायालयांत मौलवी बसवले गेले. कालांतराने ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे झाली, न्यायाधीशांना स्वतःच कायदा कळतो असे मानले जाऊ लागले आणि १८६४ च्या कायद्याने न्यायालयांतील मौलवी व पंडित या दोघांचीही पदे रद्द झाली. त्यानंतर निकाह कोण लावणार, अशी लोकांची तक्रार सुरू झाल्यावर १८८० मध्ये काझी अधिनियम करण्यात आला. हा अगदी छोटा कायदा आहे, पण तो प्रत्येकाने वाचण्यासारखा आहे. लोकांची इच्छा असेल तेथे सरकार काझी नेमू शकते असे तो म्हणतो आणि चौथ्या कलमात लगेच स्पष्ट करतो की या नेमणुकीने काझीला कोणतेही न्यायिक किंवा प्रशासकीय अधिकार मिळत नाहीत, निकाहाला त्याची उपस्थिती आवश्यक ठरत नाही आणि इतर कोणालाही काझीचे काम करण्यास मनाई होत नाही. थोडक्यात, नाव काझीचे राहिले आणि निवाडा करण्याचा अधिकार गेला. मुफ्तीची लेखणी मात्र शाबूत राहिली, कारण ती कधीच सरकारची नव्हती.

याच रिकाम्या जागेत देवबंद उभे राहिले. १८६६ मध्ये मौलाना महंमद कासिम नानौतवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहारनपूर जिल्ह्यातील त्या गावात मदरसा सुरू केला. त्याच्यासाठी नानौतवींनी घालून दिलेली आठ तत्त्वे प्रसिद्ध आहेत. सरकारच्या आणि धनिकांच्या देणग्यांवर विसंबू नये, सामान्य माणसाने नावाच्या अपेक्षेवाचून दिलेला पैसाच बरकतीचा, असा त्यांचा आशय आहे. अबू हनीफांनी तुरुंगात राहून जे राखले ते देवबंदने वर्गणीतून राखायचे ठरवले, असे मला वाटते. १८९० च्या दशकात तेथे फतव्यांसाठी स्वतंत्र विभाग झाला. टपाल आणि रेल्वे यांच्या जोरावर बंगालपासून दख्खनपर्यंतचा माणूस तेथे कार्डावर प्रश्न लिहू लागला. शेती गहाण ठेवावी का, पत्नीचे दूध मुलाला किती वर्षे, ग्रामोफोन ऐकावा का, असे लाखो प्रश्न. सरकारी न्यायालय ज्या प्रश्नांना प्रश्नच मानत नव्हते त्यांची कोणीतरी दखल घेत होते. उलमांच्या शब्दाला वजन कुठून येते, या शिक्षिकेच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इथे आहे. ज्याला कोणी विचारत नाही त्याचे म्हणणे ऐकून घेण्यातून ते वजन आले. बरेलवी, अहले हदीस, नदवा या इतर सुन्नी प्रवाहांचे विचार परस्परांहून वेगळे, कधी तीव्र विरोधी, पण हे सूत्र सर्वांना लागू पडते. शिया पंथात मात्र रचना निराळी आहे. तेथे हयात असलेल्या एका वरिष्ठ मुज्तहिदाचे, म्हणजे धर्मकायद्याचा स्वतः अर्थ लावू शकणाऱ्या विद्वानाचे, अनुसरण करावे लागते आणि त्यामुळे मुंबईच्या डोंगरीतला इस्ना अशरी खोजा आजही आपला मसअला (प्रश्न) इराकमधील नजफच्या आयातुल्लांकडे पाठवतो. दाऊदी बोहरांत दाईचा, म्हणजे त्यांच्या धर्मप्रमुखाचा, शब्द अंतिम असतो. त्यांच्याबद्दल मी येथे अधिक लिहीत नाही, कारण आपला प्रश्न सुन्नी हनफी घरातला आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. हनफी मस्लकात पत्नीला न्यायालयाकडून निकाह रद्द करून घेण्याची कारणे फारच थोडी आहेत. नवरा बेपत्ता झाला तर त्याच्या वयाची माणसे मरेपर्यंत वाट पाहावी असा जुना हनफी नियम आहे, म्हणजे व्यवहारात पत्नीचे सारे आयुष्य संपते. नवरा खर्च देत नसेल तर त्याच्या नावावर उसने घ्यावे, पण निकाह तुटत नाही. मालिकी मस्लकात बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षांची मर्यादा आहे आणि खर्च न देणाऱ्या नवऱ्यापासून काझी सुटका करू शकतो. आम्हा कोकणी मुसलमानांच्या शाफई मस्लकातही खर्च देण्यास असमर्थ असलेल्या नवऱ्यापासून सुटका करून घेण्याची वाट आहे. पण भारतातले बहुसंख्य मुसलमान हनफी आणि देशावरचेही बहुतेक हनफीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात अशा अडकलेल्या स्त्रियांनी एक भयंकर मार्ग शोधला. धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो, असा जुना हनफी नियम होता. म्हणून त्या न्यायालयात जाऊन आपण ख्रिस्ती झाल्याचे सांगू लागल्या. नवऱ्यापासून सुटण्यासाठी इमान सोडणाऱ्या या स्त्रियांमुळे उलमा हादरले.

मौलाना अशरफ अली थानवी हे त्या काळचे देवबंदी परंपरेतील सर्वांत मान्यवर विद्वान, आणि स्वभावाने परंपरानिष्ठ. धर्मत्यागाने निकाह तुटतो असे त्यांनी स्वतः पूर्वी लिहिले होते. त्यांनी मदिनेतील मालिकी मुफ्तींना प्रश्न पाठवले, त्यांची उत्तरे मागवली, आपल्या दोन शिष्यांना सोबत घेऊन अनेक वर्षे काम केले आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अल-हीला अल-नाजिजा’ हा ग्रंथ सिद्ध केला. विवश पत्नीसाठी उपाय, असा त्या नावाचा आशय. धर्मत्यागाने निकाह तुटत नाही असे त्यांनी त्यात ठरवले आणि त्याच वेळी मालिकी मस्लकाच्या आधारे बेपत्ता, खर्च न देणाऱ्या व वेडसर नवऱ्यापासून सुटण्याची दारे हनफी स्त्रीला उघडून दिली. निकाहाच्या वेळीच पत्नीला तलाकचा अधिकार सोपवण्याचा करार कसा लिहावा, हेही सांगितले. काझी उपलब्ध नसेल तर किमान तीन न्यायी मुसलमानांची पंचायत काझीच्या जागी बसू शकते हा मालिकी नियमही त्यांनी उचलला. आज ज्यांना शरई पंचायत किंवा दारुल कझा म्हणतात त्यांच्या पायात हा दगड आहे, जरी बिहारमधील इमारत-ए-शरिया १९२१ पासूनच काझी नेमत होती. साताऱ्याच्या वेढ्यात दुसऱ्या तोडग्याचा शोध माणसे मारण्यासाठी झाला होता. थानवींनी मात्र आपल्या मस्लकाबाहेर पाऊल टाकले ते स्त्रियांच्या सुटकेसाठी. उलमांच्या हातून काय होऊ शकते याचे आधुनिक भारतातले सर्वांत चांगले उदाहरण म्हणून मी नेहमी हेच देतो.

या ग्रंथाच्या पार्श्वभूमीवर काझी महंमद अहमद काझमी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले आणि १९३९ मध्ये मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम झाला. त्याच्या दुसऱ्या कलमात पत्नीसाठी कारणे दिली आहेत : नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसणे, दोन वर्षे खर्च न देणे, सात वर्षे किंवा अधिक कैदेची शिक्षा होणे, योग्य कारणावाचून तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये न बजावणे, क्रूरतेने वागणे आणि आणखी काही. चार वर्षांची मुदत सरळ मालिकी ग्रंथांतून आलेली आहे. माझे हिंदू सहकारी कधी कधी हा कायदा इंग्रजांची देणगी समजतात, ते बरोबर नाही. त्याचा गाभा मौलवींच्या अभ्यासातून आला. मात्र विधेयकाच्या मूळ मसुद्यात असे दावे मुस्लिम न्यायाधीशानेच चालवावेत अशी तरतूद होती, ती वगळली गेली. उलमांना हे मान्य झाले नाही आणि तो वाद आजपर्यंत शिल्लक आहे. बिगर-मुस्लिम न्यायाधीशाने दिलेल्या हुकूमनाम्याने निकाह शरियतच्या दृष्टीने तुटतो का, यावर आजही अनेक मुफ्ती ‘नाही’ म्हणतात.

त्या मुलीला मी दिलेला सल्ला याच वादाला धरून आहे. भारतीय कायद्याने तिला कोणत्याही फतव्याची गरज नाही. नवऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ खर्च दिलेला नाही एवढे एक कारण तिला पुरेसे आहे आणि तीन वर्षांचे दुसरे कारणही जोडता येईल. तिने कौटुंबिक न्यायालयात दावा दाखल करावा. आखातातील पत्त्यावर समन्स बजावण्यास वेळ लागतो, म्हणून नवऱ्याच्या मालकाचे नाव, त्याचा शेवटचा पत्ता, पारपत्राची प्रत, हाती असेल ते सारे आधीच गोळा करावे. खर्चासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली अर्जही करता येतो. जुन्या संहितेतले १२५ वे कलम ते हेच. मुस्लिम स्त्रीला, ती घटस्फोटित असली तरीही, तो मार्ग खुला आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

परंतु मी तेवढ्यावर थांबत नाही. हुकूमनामा हाती आल्यावर पुढे दुसरा निकाह करायचा झाला तर मोहल्ल्यातील इमाम, भावी सासरची मंडळी आणि अनेकदा ती मुलगी स्वतः विचारते की अल्लाहच्या दृष्टीने मी मोकळी झाले आहे का. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा अधिकार मला नाही. म्हणून न्यायालयाच्या हुकूमनाम्यासोबतच एखाद्या दारुल कझाकडून फस्ख, म्हणजे निकाह रद्द झाल्याचा निर्णय, घ्यावा असे मी सुचवतो. तेथे नवऱ्याच्या घरच्यांना नोटीस जाते, त्यांचे म्हणणे ऐकले जाते आणि थानवींनी दाखवलेल्या आधारावर निर्णय होतो. क्रम मात्र उलटा करू नये. केवळ दारुल कझाच्या कागदावर दुसरा निकाह झाला आणि नवरा परत येऊन न्यायालयात उभा राहिला तर तो कागद तिला वाचवणार नाही. अशा दोन स्त्रियांच्या बाजूने मी उभा राहिलो आहे, आणि तो खटला चालवणे फार कठीण असते.

फतवा बंधनकारक आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर थेट आला होता. विश्व लोचन मदन यांच्या याचिकेवर ७ जुलै २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की फतवा हे केवळ मत आहे, ते मानणे किंवा न मानणे विचारणाऱ्याच्या मर्जीवर आहे आणि दारुल कझा हे न्यायालय नाही. दोन्हींवर बंदी घालण्यास मात्र न्यायालयाने नकार दिला. त्या निकालातील एक भाग माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. एखाद्या व्यक्तीचे हक्क, दर्जा किंवा कर्तव्ये यांविषयी त्रयस्थाने विचारलेल्या प्रश्नावर फतवा देऊ नये, संबंधित व्यक्तीने किंवा तिचा प्रत्यक्ष संबंध असलेल्यानेच तो मागावा, असे न्यायालयाने म्हटले. उत्तर प्रदेशातील अत्याचारग्रस्त विवाहितेबद्दलचा एक फतवा देशभर गाजला होता. तो तिने मागितलेलाच नव्हता, पत्रकाराने विचारला होता. कोल्हापूरच्या या प्रकरणातही प्रश्न दिराने विचारला आहे, मुलीने नाही. मुफ्तींनी त्याला ‘तुमच्या वहिनीला स्वतः विचारू द्या’ असे सांगायला हवे होते. जुन्या ग्रंथांत मुफ्तीच्या शिष्टाचाराबद्दल प्रदीर्घ प्रकरणे आहेत. विचारणाऱ्याचा हेतू ओळखावा, प्रश्न संदिग्ध असेल तर खुलासा मागावा, घाई करू नये, असे ती सांगतात. न्यायालयाने नवीन काही लादले असे मला वाटत नाही. विसरलेल्या शिस्तीची आठवण करून दिली.

उलमांबद्दलची माझी तक्रार येथेच आहे आणि ती मी लपवत नाही. एका दमात तीन तलाकच्या बाबतीत थानवींसारखे धाडस पुढच्या पिढ्यांनी दाखवायला हवे होते. अहले हदीस मस्लकात असे तीन तलाक एकच मानले जातात, म्हणजे दार जवळच होते, परंतु बहुतेक हनफी संस्थांनी ते उघडले नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला तेव्हा मार्ग शोधायला पुरेसा वेळ होता. मे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने तलाकसाठी सबळ कारण आणि दोन्ही घरांच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न आवश्यक ठरवला, तोही कुराणातील चौथ्या सुरेच्या आधाराने. न्यायाधीशांनी जे ग्रंथातून वाचून दाखवले ते मिंबरवरून, म्हणजे मशिदीतील प्रवचनपीठावरून, वर्षानुवर्षे सांगता आले असते. अखेरीस ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा रद्द केली आणि २०१९ मध्ये संसदेने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला कायदा केला. नवरा तुरुंगात गेला तर खर्च कोण देणार, या प्रश्नाला मी आजही माझ्या अशीलांना समाधानकारक उत्तर देऊ शकत नाही. ज्यांच्यावर लोकांचा विश्वास होता त्यांनी काम पुढे ढकलले म्हणून ते फौजदारी कायद्याच्या हाती गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही त्यांना बाजूला सारून चालेल असे मला वाटत नाही. पेशइमामाची परिस्थिती बाहेरच्यांना फारशी माहीत नसते. त्याचा पगार जमात देते, तो तुटपुंजा असतो आणि त्याला ठेवायचे की काढायचे हे विश्वस्त ठरवतात. विश्वस्ताच्या पुतण्याविरुद्ध बोलणे त्याला किती कठीण जाते हे मी पाहिले आहे, आणि तरी बोललेले इमामही पाहिले आहेत. मराठवाड्यातील एका गावात इमामांनी खुतब्यात, म्हणजे मशिदीतील प्रवचनात, उभे राहून, बहिणींचा वारसा दडपणाऱ्या भावांची नमाज मी पढवीन, पण त्यांच्या घरी जेवणार नाही, असे सांगितले होते. त्या वर्षी त्या गावातून दोन वाटपाची प्रकरणे माझ्याकडे तडजोडीसाठी आली. कोणत्याही नोटिशीने ते घडले नसते. स्त्रिया स्वतः आलिमा होत आहेत, मालेगावसारख्या ठिकाणी मुलींचे मोठे मदरसे आहेत आणि मुंबईत काही स्त्रियांनी काझीचे प्रशिक्षणही घेतले आहे. प्रश्न लिहिणारी आणि उत्तर देणारी दोघीही स्त्रिया असतील तर ‘हिंदा’च्या बाजूची हकिकत कागदावर येण्याची शक्यता वाढते.

शिक्षिकेला शेवटची विनंती अशी आहे. त्या मुलीने दिराच्या फतव्याला विरोध करण्यात शक्ती घालवू नये. तिने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या सहीने नवा प्रश्न लिहावा. निकाहाची तारीख, नवरा परदेशी गेला ती तारीख, शेवटचे पैसे कोणत्या महिन्यात आले, त्यानंतर फोन किंवा निरोप आला का, मुले आहेत का, घरखर्च कोण चालवते, हे सर्व त्यात असावे. शेवटी एवढेच विचारावे की अशा पत्नीला फस्ख मिळू शकतो का आणि त्यासाठी कोणत्या दारुल कझाकडे जावे. सोबत निकाहनाम्याची आणि बँकेच्या पासबुकाची प्रत जोडावी आणि या सर्वांची एक प्रत दाव्यासाठी वकिलाकडे ठेवावी. प्रश्न उर्दूत लिहिता येत नसेल तर मराठीत लिहिला तरी चालतो. माझ्याकडे येणाऱ्या अनेक अशीलांनी तो मराठीतच लिहून दिला आहे आणि त्यांना उत्तर मिळाले आहे.